मालतीची मान आणि खरखरणारा डबा

माझ्या सुनेची मान दुखायची आणि त्यावर सगळ्यांत जास्त मी बोलायचो. धामणगाव बढे इथला निवृत्त मास्तर, न विचारता सांगायची सवय! शेक झाला, लसणाचं तेल झालं, उशी काढून झाली. मालती बिचारी प्रत्येक उपायाला खाली बघून "हो मामाजी" म्हणायची. पुढे तिला साधी घागर उचलवेना, तेव्हा मात्र मी मनातून घाबरलो. तिला आणि आमच्या हिला घेऊन थेट नागपूर गाठलं.

डॉक्टरांनी मालतीच्या मानेवर दोन चकत्या चिकटवल्या. त्यांच्या वायरी एका डब्यात गेल्या होत्या.

"स्नायू ताणला की त्यात बारीक वीज खेळते. ती हे मशीन मोजतं. मान ढिली सोडली की डबा चूप."

(आमच्या गावात वीज दिवसातून दोनदा दर्शन द्यायची. ती सुनेच्या मानेत मुक्कामाला आहे, हे मला नवीनच होतं!)

"भिऊ नको वो मालती," मी धीर दिला.

खर्रर्र!

"काऊन वाजून राह्यला हा? बिघडला काय?"

खर्रर्रर्र! मालतीची हनुवटी पार छातीला टेकली.

"गुरुजी, जरा बाहेर जाता?"

मी गेलो. आत शांतता. डॉक्टरांनी बोलावलं, मी आलो, खर्रर्र! पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मी पोरांना काढायला लावलेल्या सगळ्या उठाबशा त्या दिवशी फिटल्या.

"अहो, तुम्ही गेले का डबा गपगार होते!" आमची ही कौतुकानं म्हणाली.

"नसा ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. "सासऱ्यांपुढे दिवसभर मान खाली धरता ना, त्यानं ती आखडली आहे."

मला फार लाज वाटली. तीस वर्षं वर्गात 'मान वर करून बोला' म्हणून ओरडलो, आणि घरातली मान दिसायला मशीन लागलं.

घरी येताच मी जाहीर केलं, "मालती, आजपासून माह्यासमोर मान वर!"

"हो मामाजी," ती जमिनीला म्हणाली.

मग मी डोकं चालवलं. माझी खाट माळवदावर नेली. आता माझ्याशी बोलायचं तर वर बघावंच लागणार! आणि खरंच, आठ दिवसांत मालती अंगणातून मान वर करून "मामाजी, चहा!" अशी खणखणीत हाक मारू लागली. मानही मोकळी झाली. अशाच एका चहासाठी घाईनं उतरताना माझा शिडीवरून पाय घसरला आणि पाठ गेली.

पुन्हा नागपूर. या वेळी चकत्या माझ्या पाठीवर.

"अंग ढिलं सोडा, गुरुजी."

"ढिलंच आहे डॉक्टर, पण माहं म्हणणं असं, का..."

खर्रर्र!

"तेल लावलं तवा..."

खर्रर्रर्र!

शेजारी उभ्या मालतीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान ताठ ठेवून सरळ माझ्याकडे बघितलं.

"मामाजी, जरा चूप राहा ना!"

मी चूप झालो. डबाही झाला.

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाहेर पाठवावा असा माणूस या वेळीही एकच होता, आणि तो पलंगावर पालथा पडला होता.