पहिल्या हाकेला ओ

वाणगावच्या बाजारात सुकट विकणारी हंसाकाकू प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बातमी फुकट देते. “त्या संस्थेतली नवसी हाय ना, ती दिवेलागणीला वसतिगृहामागं उभी राहून एकेका पोराचं नाव घेते. ज्याचं घेतलं तो पाड्यावर परत येत नाय. नि शेवटाला सोताच कोनाला तरी ओ देते. समोर कोनी नसतं, बाय!”

काकूचं अर्धं खरं. पोरं परत येत नाहीत, कारण ती बोईसरच्या कारखान्यांत कामाला लागतात. आदिवासी पोरांना शिकवून नोकरीला लावायचं, हे संस्थेचं काम, आणि नवसी तिथली ताई. तीही डोंगरातलीच. तिकडे घरोघरी एकच शिकवण: पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस पुन्हा हाक मारतो, भूत एकदाच मारतं. कारखान्याच्या गेटावरचा वॉचमनही मुलाखतीला एकदाच हाक मारतो नि यादीतल्या पुढच्या नावावर जातो. म्हणून नवसी पोरांना पाठमोरं उभं करून पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय लावते.

शेवटची ओ मात्र जिव्यासाठी.

जिव्या तिचा धाकटा भाऊ. नवसी लहान असताना घरची सगळी वीटभट्टीवर कामाला गेली होती. विटांच्या थप्पीपलीकडून तो ओरडला, “नवसे!” आजीची शिकवण पाळणारी शहाणी नात गप्प राहिली, दुसऱ्या हाकेची वाट बघत. ती आलीच नाही. थप्पी त्याच्या अंगावर कोसळली होती. अजून संध्याकाळी पोरांची नावं संपली, की तोच बारीक आवाज तिच्या कानाशी येतो. ती ओ देते. पोरं मान वळवत नाहीत.

नवसीच्या पोरांतली दीपाली पहिल्या हाकेला ओ न दिल्यानं गेटावरून दोनदा रिकामी परत आली होती. आता हुकली तर बाप तिला भट्टीवर नेणार होता. तिसऱ्यांदा गेटावर जाताना रिक्षात ती नवसीला चिकटून बसली.

“ताय, हाक मारनारा वॉचमन नसला तं?”

“भूत नोकरी देत नाय गं.”

“पन नसलाच तं?”

नवसीनं तिची ओढणी सारखी केली. मग म्हणाली, “तरी ओ दे.”

भर दुपारी गेटाशी तोबा गर्दी. वॉचमन नेमका दीपालीच्या पाठीमागून खेकसला, “दीपाली कौन है?” तिची मान ताठ झाली. रस्त्यापलीकडे नवसीनं पदर मुठीत आवळला. वॉचमनचा डोळा पुढच्या नावावर सरकला.

“ओ!”

अख्खी गर्दी वळली, इतकी मोठी ओ. दीपाली आत गेली ती कामाची तारीख घेऊनच बाहेर आली. घामानं निथळत पहिलं काय विचारलं, तर, “ताय, तो मानूसच व्हता ना?”

त्या रिक्षात मीही होते, संस्थेत शिकवणारी आणि भेटेल त्याची नक्कल करणारी. ही पोरगी पहिल्या हाकेला तोंड उघडणार नाही, अशी नवसीशी पैज लावून बसले होते. हरले तर आठ दिवस कुणाची नक्कल नाही. वॉचमनचं ते खेकसणं नुकतं कुठे माझ्या जिभेवर बसत होतं, तोच नवसीनं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.