अकोल्याच्या गाडीला आडवं आलेलं नाक

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न माझ्या नाकानं मोडलं, असं आमचे अमरावतीचे नातेवाईक अजून सांगतात. साफ खोटं! काय झालं ते ऐका आणि तुम्हीच सांगा.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कमलसाठी अकोल्याचा एक बिजवर वकील सांगून आला होता. (वय चाळीस, सांगायचं पस्तीस!) "आजच येऊन बोलणी करा, नाही तर दुसरं स्थळ पाहतो," असा त्यांचा निरोप. आबा आणि मी निघालो. कमलनं स्वतःच्या हातानं माझ्या कानात अत्तराचा फाया खोचला. केवढी मायाळू पोर!

आबांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि मी शिंकलो.

आबा परत फिरले, बसले, पाणी प्याले. एक शिंक अपशकुन, दोन शुभ, हा त्यांचा कायदा. आणि माझी शिंक दर वेळी एकटीच! पुन्हा निघाले, पुन्हा शिंक.

"काहून शिंकून राहिला रे?" आबा कडाडले.

"मी काय हौसेनं शिंकून राहिलो?"

आईनं मला घोंगडीत कोंबून ओव्याची धुरी दिली. शिंक आली. शेजारच्या वैद्यबुवांनी नाकात कोमट तूप सोडलं (सोडलं कसलं, ओतलं!). तरी शिंक.

"मास्तरसाब, मेरा घोडा सो गया!" दारातून टांगेवाले रहीमचाचा ओरडले.

शेवटी डॉक्टरांची नवी विलायती गोळी आली. अर्ध्या तासात शिंका बंद होतील, असं त्यांनी सांगितलं होतं. पण आबांना धीर कुठला? ते आधीच निघाले आणि मी शिंकलो.

"आता दुसरी येऊ दे, म्हणजे शुभ!" आई म्हणाली.

नेमकी तेव्हाच गोळी लागू पडली. सकाळपासून शिंक बंद करायला झटणारी माणसं आता शिंकेसाठी माझ्यावर तुटून पडली! आईनं मिरपूड हुंगवली, वैद्यबुवांनी तपकीर कोंबली, आबांनी कागदाची सुरळी नाकात फिरवली. नाक ढिम्म. दिवसाची शेवटची गाडी गेली.

सगळे आत गेल्यावर कमलनं माझ्या कानातला फाया काढून घेतला.

"दादा, हिन्याच्या अत्तरानं तुले शिंका येतात. मावशीच्या लग्नात दिवसभर शिंकत होता, इसरला?"

"म्हंजे तुले माहीत होतं?"

"मले त्या म्हाताऱ्याशी लग्न नव्हतं करायचं."

माझं डोकं सणकलं. धुरी मी खाल्ली, तूप मी गिळलं, बोलणी मी ऐकली! तिला चांगलं झापायला मी तोंड उघडलं आणि दुसरी शिंक आली.

"दोन झाल्या!" आबा आतून आनंदानं ओरडले. "झालं ते शुभच झालं!"

माझी बाजू माझ्या नाकानंसुद्धा घेतली नाही.