रंगाऱ्याचा उजवा हात

आमचे हे रंगारी. भिंतीला ओल दिसली की यांचा एकच हट्ट: सगळा गिलावा खरवडा, नाहीतर मी ब्रश लावणार नाही. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी ऐकायचे नाहीत. तोच कायदा स्वतःच्या अंगाला लावायला निघाले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

पाठीवरचा काळा तीळ मेलानोमा निघाला, म्हणजे कातडीचा कॅन्सर. तो काढला. उजव्या काखेतली एक ग्रंथी तपासायला काढली, तर तिच्यातही कॅन्सरचा कण सापडला. मग उरलेल्या ग्रंथींचं काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळ्या काढल्या म्हणून आयुष्य वाढतं, असं दिसलेलं नाही. शिवाय हात कायमचा सुजू शकतो. न काढता अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येईल. काही दिसलंच, तर तेव्हा काढू. पण निर्णय तुमचा."

निर्णय आमचा! मग तुम्ही एवढं शिकलात कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं.

घरी आलो तर थोरल्या दिरांचा फोन. "सगळ्या काढून टाका, विषय संपला." सांगायला त्यांचं काय जातंय? शिडीवर चढून छत रंगवायला ते येणार आहेत का? मी घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं, "अहो, हात गेला तर काम गेलं. घरात बसून तुम्ही वेडे व्हाल, आणि मलाही कराल!" पण हे ढिम्म. "काढायच्या म्हणजे काढायच्या."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, एवढा आग्रह का?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "मी झोपलोय असं समजून ही रोज पहाटे माझी काख चाचपते. मग उशीत तोंड खुपसून रडते. ग्रंथीच नसल्या तर काय चाचपेल? सुजू दे हात. हिला झोप तरी लागेल."

म्हणजे मेले जागेच असायचे!

"ग्रंथी काढल्या तरी आजार परत येणारच नाही, असं नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तपासण्या चालूच राहतील."

मला यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. "काही काढू नका," मी म्हटलं. "सोनोग्राफीची तारीख द्या." यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. दोन्ही हात उशीखाली दाबून मी पडून राहिले. शेजारी यांनी उजवा हात आपणहून वर घेतला, आणि वाट बघत राहिले.