गुंड्याची लघवी आणि माझा अडतीतला अनुभव

बोक्याच्या लघवीची वाट बघत अख्खा दिवस घालवलेला लातूर मार्केट यार्डातला मी एकमेव अडत्या असेन.

बोक्याचं नाव गुंड्या. माझी मुलगी गौरी त्याला कॉलेजातून ओढणीत गुंडाळून घेऊन आली तेव्हा तो मूठभर होता. आता तो सोयाबीनच्या थप्पीवर चढला की थप्पी हलते (असं आमचे हमाल म्हणतात; मला पटत नाही, पण तो वर असला की मी खाली उभाही राहत नाही). मी काही मांजरप्रेमी वगैरे नाही. पण संध्याकाळी दुकानातून आलो की हा प्राणी माझ्याच चपलांवर येऊन लोळतो, बाकी कुणाच्या नाही. माणसाला तेवढंही पुरतं हो!

तर हा गुंड्या एके दिवशी आपल्या वाळूच्या टोपलीत बसून नुसताच कण्हायला लागला. बसतो, उठतो, पुन्हा बसतो, हाती काही नाही.

"पप्पा, याला लघवी होईना," गौरी म्हणाली.

"उन्हाळा लागला असंल," मी म्हणालो. लातुरात कशालाही उन्हाळा लागतो, त्यामुळं हे निदान सहसा चुकत नाही.

या वेळी चुकलं. जनावरांच्या डॉक्टरांनी गुंड्याचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं आज आणलंत. उद्या आणला असता तर हाताला लागला नसता." नळी घालून तुंबलेली लघवी काढली, दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. मी मात्र चक्रावून गेलो होतो. मुतखडा माणसाला होतो, आमच्या गल्लीत तर दर दुसऱ्या घरी होतो. पण बोक्याला?

"डॉक्टर, एवढ्याशा जिवाला मुतखडा?"

"खडा नाही अण्णा, रवा. बोक्याची नळी लई अरुंद असते. रवा साचला की वाट बंद."

"रवा म्हणजे जाड का बारीक?"

"काय?"

"न्हाई, कितव्या चाळणीतून पडंल असं विचारलालो."

गौरीनं माझी बाही ओढली. पण उत्सुकता लागली म्हणजे लागली! मांजराला दिवसात किती पाणी लागतं, मांजरीला हा त्रास का होत नाही, नळी घातल्यावर त्याला काय वाटत असेल, सगळं विचारून झालं. बाहेर एक म्हैसवाला ताटकळत बसला होता, त्याची म्हैससुद्धा कंटाळली. शेवटी डॉक्टरांनी हात जोडले आणि गुंड्याला घरी सोडताना एकच गोष्ट सांगितली. "घरी नेल्यावर वाळूवर लक्ष ठेवा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर सरळ घेऊन या. पुन्हा अडली तर वाचवणं अवघड आहे, अण्णा."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला माझ्या चपलांची आठवण झाली.

पथ्याचं खाणं म्हणून डॉक्टरांनी ओलं अन्न दिलं होतं. पाकिटावर मासा! आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडं सोडा, अंड्याचं चित्रसुद्धा आजवर आलेलं नाही. गुंड्या जन्मभर दहीभात आणि दूधभाकरीवर वाढलेला (शेजारच्या गल्लीत तो काय खात होता याची चौकशी आम्ही कधी केली नाही). आता अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, कोण सांगणार? सांगितलं मीच. अव्वानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"जीव वाचायचा आसंल तर घाल. पण गच्चीवर. भांडं येगळं. आन् जो घालंल त्यानं आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठिवायचा न्हाई."

जो घालंल तो कोण, हे न विचारताच सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी नाकाला उपरणं बांधून, तोंड फिरवून, हात लांब करून पाकीट फोडलं. गुंड्यानं एक घास खाल्ला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी ओशाळलो. "हे इतकी वर्षं कुठं होतं?" असंच विचारत होता तो. मी आंघोळीला पळालो.

आता राहिलं पाणी. डॉक्टर म्हणाले होते, भरपूर पाजा. अहो, हे लातूर! इथं नळ कधीमधी येतो, आला की पाहुण्याआधी घागर पुढं करावी लागते. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला आणि फरशी पुसलेलं पाणी दारातल्या जास्वंदीला, अशा शिस्तीत आमचा संसार झालेला. त्या घरात माझी बायको सुमन एका बोक्याच्या मागं वाटी घेऊन फिरत होती, "पी रे बाबा, सांडलं तरी चालंल!" हे वाक्य मी लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं. दार, जिना, टीव्हीखाली, देवघरापाशी, जिथं तिथं वाट्या. मी दोनदा वाटीत पाय घातला आणि दोन्ही वेळा बोलणी मलाच बसली.

तर तो दिवस. सकाळीच गुंड्याला घरी आणलेलं, मासा आणि माझी आंघोळ उरकलेली. मधल्या खोलीत वाळूची टोपली ठेवली आणि आम्ही चौघं तिच्यासमोर सतरंजी टाकून बसलो. गुंड्या टोपलीत गेला. आमच्याकडं बघितलं. बाहेर आला. पुन्हा गेला. आम्ही श्वास रोखून पुढं वाकलो. पुन्हा बाहेर आला!

"अहो," सुमन म्हणाली, "चौघंजण असं डोळे फाडून बसल्यावर तुम्हाला तरी झाली आसती का?"

मुद्दा बिनतोड होता. आम्ही उठलो. खोली रिकामी केली, दार लोटून घेतलं. दुपार व्हायला आली. मी दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. मुनीम म्हणाला, "कुणी आजारी हाय का?" मी म्हणालो, "हाव, घरातलं माणूस हाय." तोंडातून आपसूक निघालं ते.

शेवटी मला राहवेना. हळूच खोलीत गेलो. गुंड्या कपाटाखाली झोपला होता. टोपली तशीच. वाळू नुसती बघून काय कळतं? आणि इथंच माझ्यातला अडत्या जागा झाला. बापाच्या हाताखाली तीस वर्षांपूर्वी मी अडतीत बसलो. आजही शेतकऱ्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मी मालाची ओल किती टक्के ते सांगतो. यंत्र नंतर लावतात आणि यंत्र माझ्यापेक्षा अर्धा टक्काही इकडंतिकडं जात नाही. वाळूनं काय घोडं मारलंय?

घातला हात.

मूठ दाबली, सोडली, बोटांवर चोळली. ओल होती! चांगली ओल होती!

"झालीऽऽ!" मी ओरडलो.

घरात दिवाळी झाली. गौरीनं मला मिठीच मारली (मग हात आठवून लांब झाली). सुमननं साखर वाटली. मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, झाली! सकाळच्या टायमाला झाली दिसते."

"छान! वाळूचा गोळा झालाय का? केवढा आहे?"

"गोळा न्हाई, पण चौदा टक्के ओल हाय."

मग डॉक्टर म्हणाले, "अण्णा, तुम्ही हात घातला?"

"तीस वर्षांचा हात हाय, डॉक्टर. काळजी करू नका."

मी समाधानानं जेवलो आणि लवंडलो. उठलो तेव्हा ऊन कललं होतं आणि मधल्या खोलीतून आवाज येत होता. "शूऽऽऽ... शूऽऽऽ..." दार ढकललं तर अव्वा टोपलीपाशी उकिडवी बसलेली. हातात तांब्या. तांब्यातून पाण्याची बारीक धार वाळूत सोडते आणि तोंडानं शूऽऽ करते. गुंड्या कपाटाखालून टकामका बघतोय.

"अव्वा! काय करलालीस?"

"लेकराला लघवी होईना की आसंच करत्यात. धार बघितली की व्हती. सकाळधरून तीनदा केलं, पर ह्यो काय दाद देईना. तुमी समदे आसेच मुतलाव. तू तर लई उशीर लावायचास."

मी टोपलीकडं बोट दाखवलं.

"सकाळी... ते पाणी... तू वतलीस?"

"मग कोण वतनार?"

म्हणजे मी अव्वाच्या तांब्याची ओल सांगितली होती! चौदा टक्के! आणि गुंड्या सकाळपासून कोरडा. गौरी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. "पप्पा, अख्खी दुपार गेली," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

गुंड्याला कपाटाखालून ओढला तर तो ओरडलाही नाही, नुसता माझ्या हातावर डोकं टाकून पडून राहिला. मला भीती वाटली, खरंच वाटली. मी मनात म्हणालो, देवा महादेवा, माझ्या शहाणपणाची शिक्षा याला देऊ नको. त्याला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि गौरीच्या स्कूटीवर मागं बसलो. अंगात दुकानात घालायचा पांढराशुभ्र पायजमा होता, बदलायला वेळ कुठं होता!

गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या भर बाजारातल्या गोल चौकात, आलो तर संध्याकाळची गर्दी. रिक्षा, हातगाड्या, फळवाले. गौरी हॉर्न वाजवतेय, मी "सरका, सरका, पेशंट हाय!" म्हणून ओरडतोय. लोक माझ्याकडं बघून सरकत होते. आणि ऐन गोलाईत, टॉवेलाच्या खाली, माझ्या मांडीवर काहीतरी कोमट लागलं.

"थांब!" मी किंचाळलो. "गौरी, गाडी थांबव! हलवू नको! आजिबात हलवू नको!"

गौरीनं भर रस्त्यात ब्रेक मारला. मागून शिव्या सुरू झाल्या. मी पुतळ्यागत बसलो. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं, पण मला वाटलं, आपण हललो आणि मधेच थांबली तर? मांडी भिजली. मग दुसरी मांडी भिजली. मग पायजम्यातून ओघळ निघाला आणि थेंब थेंब रस्त्यावर पडायला लागले. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालं असेल. मी डोळे मिटले आणि म्हणत राहिलो, "होऊ दे रे बाळा... सावकाश होऊ दे... सगळी होऊ दे..."

"अण्णा?"

डोळे उघडले. समोर मोटारसायकलवर मल्लिकार्जुन. माझ्याच ओळीतला अडत्या, यार्डातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. तो माझ्या पायजम्याकडं बघत होता. गुंड्या टॉवेलात पार आत दडलेला, मिशीसुद्धा बाहेर नाही.

"मल्लू, झाली बघ!" मी आनंदानं सांगितलं. "सकाळपासून अडली होती!"

"आस्सं," मल्लू हळूच म्हणाला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या मांडीवर पसरला, गौरीच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नको पोरी. वय झालं की व्हतंय." आणि मागच्या गाड्यांवर खेकसला, "ओ, हॉर्न काय वाजवलालाव? माणसाची अडचण दिसना का?"

गौरी हँडलवर डोकं टेकून रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही.

डॉक्टरांनी गुंड्याचं पोट दाबून बघितलं. मऊ होतं. "वाट मोकळी आहे. आता भीती नाही," ते म्हणाले. मग माझ्या पायजम्याकडं बघितलं. "ओल किती टक्के, अण्णा?" मी मल्लूचा पंचा आणखी खाली ओढला. गुंड्या बाहेर येऊन माझा अंगठा चाटत होता, मला तेवढं बस होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर गादीवर शहाळ्यांचा ढीग, केळी, बिस्किटाचे पुडे आणि जवाची पिशवी. यार्डातली मंडळी ओळीनं भेटायला येऊन बसलेली. मुनीम डोळे पुसत होता, "घरातलं माणूस म्हणलाव, पर तुमचं तुमालाच हाय हे सांगितलं न्हाई की मालक!" एक जण पुण्याच्या डॉक्टरचा नंबर घेऊन आला होता. लघवी साफ होते म्हणून मल्लू स्वतः जवाचं पाणी उकळून थर्मासात घेऊन आला.

"मल्लू, ऐक," मी त्याला बाजूला घेतलं. "ती माझी नव्हती. बोक्याची होती."

मल्लूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लाजू नका अण्णा. आमच्या मामानं तर घरात कुत्रं नसताना कुत्र्यावर ढकललं होतं."

मी सगळ्यांकडं बघितलं. ज्या यार्डात मी पोत्यात हात घालून एक शब्द बोललो की लोक यंत्र न लावता माल उचलतात, त्या यार्डात माझ्या या एका शब्दावर एकानंही विश्वास ठेवला नाही. ग्लास पुढं झाला. मी मुकाट्यानं जवाचं पाणी प्यालो. सगळा ग्लास संपेपर्यंत सतरा डोळे माझ्यावर रोखलेले होते (मुनीम एक डोळा पुसत होता), आणि गुंड्याला आदल्या सकाळी टोपलीत नेमकं काय वाटलं असेल हे मला तेव्हा कळलं.