बंद ठेवलेली ओळ

"थांबतील हो. त्यांना सवय असते थांबायची."

श्रीरंग सर हातातला चहाचा कप खाली न ठेवता हे म्हणाले. मीटिंगच्या खोलीत सर सोडून आम्ही पाचजण होतो. चौघं हसले. मग मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

विषय होता प्रवेश अर्जांच्या वेबसाइटचा. बारावी झालेली पोरं तिच्यावर फॉर्म भरणार होती. साइट आमच्या कंपनीने बांधली, आराखडा सरांचा. माझं काम लोड टेस्टिंगचं. म्हणजे खोटे विद्यार्थी तयार करायचे, हजारोंनी एकदम साइटवर सोडायचे आणि ती कुठे दमते ते शोधायचं. शेवटच्या रिपोर्टवर सही माझी. सही झाली की साइट सुरू.

टेस्ट झकास पास होत होती. प्रत्येक पान सरासरी दोन सेकंदांत उघडत होतं. मला ते पटेना. हे खोटे विद्यार्थी ज्या स्क्रिप्टवर चालतात ती मी ओळ न् ओळ वाचली. त्यात एक ओळ बंद करून ठेवलेली होती. जातीचा दाखला अपलोड करण्याची. म्हणजे माझे हजारो विद्यार्थी झाडून सगळे खुल्या वर्गातले होते. एकालाही दाखला जोडावा लागत नव्हता.

मी ती ओळ चालू केली. दाखला जोडणारे अडकले. पान नुसतं गरगरत राहायचं आणि मिनिटाभराने फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हर बघावा तर निवांत. प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी. मग ही पोरं थांबलीत कशासाठी? दोन दिवस लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, चाळल्या तेव्हा सापडलं. सर्व्हरला डेटाबेसशी बोलायला जोडण्या लागतात आणि त्या मोजक्या असतात. दाखल्याच्या पायरीला फक्त वीस दिल्या होत्या, बाकी साइटपासून वेगळ्या काढून. त्यातली प्रत्येक जोडणी पडताळणीचं उत्तर येईपर्यंत अडवून धरलेली. वीस पोरं आत, उरलेली दाराबाहेर. शेजारी बाकीच्यांसाठीच्या शेकडो जोडण्या रिकाम्या पडलेल्या.

हेच मी मीटिंगमध्ये दाखवलं. सर सदाशिव पेठेतले. आवाज कधी चढवत नाहीत, शिपायालाही अहो म्हणतात. म्हणाले, त्या जोडण्या मीच वेगळ्या ठेवल्यात, त्या पायरीपायी बाकीच्यांना त्रास नको. मी विचारलं, मग या पोरांचं काय? तेव्हा ते वाक्य आलं. वर म्हणाले, दुरुस्तीला आठवडा जाईल आणि तारीख ठरलेली आहे. ती ओळ पुन्हा बंद करा आणि संध्याकाळपर्यंत सही करून पाठवा.

वेगळ्या ठेवल्यात. बाबांच्या गावात, तिकडे विदर्भात, हॉटेलात त्यांचा कप वेगळा असायचा. ते गाव सोडून बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. मला वाटायचं, तो कप तिकडेच राहिला.

जागेवर येऊन बसले. स्क्रीनवर दाखल्याच्या पायरीचा आलेख उभा चढलेला. बघता बघता मला खडकी स्टेशनाजवळचं सायबर कॅफे आठवलं. माझा स्वतःचा प्रवेश अर्ज. शेवटचा दिवस. ती साइट वेगळी, बांधणारे वेगळे. पण पान अडकलं ते इथेच, दाखल्यापाशी. मी पुन्हा पुन्हा बटण दाबत होते. मागे बाबा अर्धी रजा टाकून उभे. फॉर्म गेला नाही. पहिली यादी हुकली आणि हवं ते कॉलेज गेलं. बाबा म्हणाले होते, "नीट बघून दाबायचं ना गं." घरी येऊन मी रडले, माझंच चुकलं म्हणून. पुढे कितीतरी वर्षं कॉम्प्युटरवर काहीही अडलं की आधी मी माझीच चूक शोधायचे.

चूक माझी नव्हती. आलेख समोर होता. तिथेही दाखल्याची वाट अशीच कुणीतरी अरुंद ठेवली असणार. मी कितीही नीट दाबलं असतं तरी तो फॉर्म जाणार नव्हता. असा संताप आला!

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. नमुन्यातला एक नग नापास झाला तरी अख्खा लॉट अडवायचे. सरासरी बरी आहे म्हणून चालवून घ्यायची पद्धत तिथे नव्हती.

मी सरांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "सर, मी सही करणार नाही."

"अहो मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. आपणही असेच फॉर्म भरून आलात ना? पोचलातच की."

"पोचले. पहिली यादी हुकवून पोचले. माझ्या चुकीने नाही, हे मला आज कळलं."

जागेवर येऊन मी रिपोर्ट लिहिला. दाखला नसलेल्यांचा वेळ वेगळा, दाखला जोडणाऱ्यांचा वेगळा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, नापास. जोडण्या कुणी वेगळ्या केल्या, स्क्रिप्टमधली ओळ कुणी बंद ठेवायला सांगितली, तेही नावासकट लिहिलं. सगळ्या टीमला पाठवला आणि ज्यांची साइट होती त्यांनाही.

तारीख पुढे गेली. दुरुस्ती झाली. जोडण्या एकत्र आल्या, अडवून धरणं बंद झालं. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. वर्षाच्या मूल्यमापनात शेरा आला, संघभावनेचा अभाव. जेवायच्या वेळी आता मला कुणी हाक मारत नाही. नका मारू. ज्या टेबलावर हसण्यासाठी मला स्वतःवरच हसावं लागतं, तिथे मला जेवण जात नाही.

राग गेलेला नाही. तो घालवायचाही नाही मला. नव्या प्रोजेक्टवर गेले की पहिल्या दिवशी मी स्क्रिप्ट मागून घेते. कुठली ओळ बंद ठेवलीय ते शोधते. ती चालू करते आणि मगच टेस्ट लावते. त्या ओळीवरचं शेवटचं पोर पार होईपर्यंत माझी सही मिळत नाही. तारीख चुकतेय म्हणून कुणी टेबलाशी येऊन उभं राहिलं, तर मी मान वर न करता सांगते, थांबा. सवय करून घ्या.