दारापाशची सीट

जळगाव–धुळे एसटीत रोज भेटणारे एक कापसाचे दलाल दारापाशचीच सीट धरायचे. त्यांचं प्रोस्टेट वाढलेलं. एरंडोल असो की पारोळा, स्टँड आला की "कंडक्टर भाऊ, दोनच मिनिटं!" म्हणत मुतारीकडे धावायचे. पाण्याची बाटली मात्र भरलेलीच घरी परत जायची. गाडी खोळंबली की आम्ही हसायचो. मीही.

महिनाभर दिसले नाहीत. परवा चढले ते थेट मागच्या खिडकीशी! दारापाशी मी बसलो.

"भाऊ, लेझर! पोटाले चीर नही, टाका नही, तिसरा दिनले घर!" सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत त्यांनी निम्मी बाटली घटाघटा संपवली. एरंडोल गेलं, हे जागचे हलले नाहीत. धाकधूक मलाच!

पारोळ्याला एक म्हातारे धोतर सावरत उतरले. बराच वेळ आले नाहीत. कंडक्टरनं घंटी मारली, तसे दलाल मागच्या सीटवरून धावत आले. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर रोवून ओरडले, "आबा, सावकाश या! गाडी मी धरी ठेयेल शे!"

मी उठलो आणि दारापाशची सीट आबांसाठी मोकळी केली.