प्रशिक पुढच्या दारानं पळाला

माझा मुलगा प्रशिक खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये आहे. तिथली रीत अशी की फोनवर आलेली सूचना आधी जशीच्या तशी परत म्हणायची, पलीकडून 'बरोबर' आलं की मगच बटणाला हात लावायचा. ही सवय इतकी मुरली, की सुनेनं "लिंबं आणा" म्हटलं तरी तो "लिंबं आणायची" म्हणून दारात उभा! ती 'बरोबर' म्हणाल्याशिवाय गडी हलत नाही.

गेम खेळताना मात्र हाच माणूस उतावीळ. लहानपणी नंदनवन वस्तीतल्या गेमच्या दुकानात त्यानं बोटं झिजवली ती पळायच्या गेमवर. खड्डा आला की उडी, कुणी दिसला की गोळी. माझी नात रितिका, तिचा गेम उलटा. चौघांनी भिंतीआड दबून बसायचं, कुजबुजत मसलत करायची आणि किल्ल्यातली पेटी बाहेर काढायची. "हा गेम आहे का रेशनची रांग?" बाप रोज चिडवायचा.

त्या रविवारी तिची सेमीफायनल. ऐन वेळी रामटेकहून संघातल्या मैत्रिणीचा, पिंकीचा फोन आला, तिच्याकडची लाईन गेली. चौथा गडी नसला तर संघ बाद. पोरीचा चेहरा उतरला. घरात मोकळे मी आणि प्रशिक, दोघंच, आणि माझी बोटं तर फोन उचलतानाच अडतात.

"बाबा, या. पण पळायचं नाही."

"पळायचं नाही," म्हणून प्रशिक तिच्याकडे पाहत राहिला.

"काका, हे पावरहाऊस नाही नं!" फोनवरून संघातला तिचा मित्र आयुष खिदळला.

पेटी काढायला संधी तीन. एक साधली की फायनल. किल्ल्याला दारं दोन. रितिका कुजबुजली, "मागच्या दारानं निघू."

"मागच्या दारानं निघायचं!" प्रशिक खणखणीत बोलला. गेममध्ये जवळच्या शत्रूलाही आपला आवाज ऐकू जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मागच्या दारात चौघंही टिपले गेले.

"काहून बोलता मोठ्यानं!" पोरीच्या डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या खेपेला त्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडात कोंबला; पण शत्रू दिसताच राहवलं नाही, पळत सुटला. तीही संधी गेली. मी खाटेवरून उठून उभाच राहिलो.

रितिकानं बापाकडे एकदा नीट पाहिलं. आयुषला आणि संघातल्या उरलेल्या पोराला फोनवर काहीतरी लिहून पाठवलं. मग म्हणाली, "बाबा, दुपट्टा काढा. पुढच्या दारानं निघू. तुम्ही सगळ्यात पुढे पळा."

"पुढच्या दारानं निघायचं! मी पुढे पळायचं!"

"बरोबर."

सुटला की! उड्या काय, गोळ्या काय! सगळे शत्रू पुढच्या दारावर तुटून पडले. तो पडला तेव्हा बाकीचे तिघं पेटी घेऊन मागच्या दाराकडे सरकत होते. तेवढ्यात एक शत्रू मागे वळला. आयुष आडवा गेला, पडला. पेटी उंबऱ्यावर अडली, हलली, आणि बाहेर!

"मले काहून नाही सांगितलं वं?" प्रशिक रुसला.

"सांगितलं असतं तर तेही परत म्हटलं असतं नं तुम्ही!"

"मी किती पाडले?"

"तीन."

पोर 'फायनल, फायनल' म्हणून अंगणात नाचत होती, आणि बाप स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगत होता, "तीन पाडले, तीन!"